शॅमेलिऑनचा जबडा मऊ पडलाय, पाय वाकलेत. काय करावं?

गोदाकाठची (नांदेड)
नमस्कार मंडळी. भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आमच्या गळ्यात बांधून गेला. व्हेल्ड जातीचा, मूळ येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असतो तो. नाव काळू, रंग हिरवागार. मला आधी पालीचीसुद्धा भीती वाटायची, पण आता लळा लागलाय त्याला काय करणार.

तर आला तेव्हापासूनच सुस्त होता. मागचे पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकलेत, फांदीवरून सरकताना थरथरतो. सगळ्यात वाईट वाटतं ते खाताना. किडा समोर दिसला की दोन्ही डोळे त्याच्यावर रोखतो, तोंड उघडतो, जीभ ओठापर्यंत येते आणि तिथंच लोंबकळते, मग तीच हळूहळू आत ओढून घेतो. किडा तोवर निघून गेलेला असतो. खालचा जबडा बोटानं हलका दाबला तर दबतो.

इथले डॉक्टर भले माणूस, म्हणाले हा मेटॅबॉलिक बोन डिसीज (हाडं मऊ पडायचा आजार) वाटतो पण मी गाई-म्हशी आणि कुत्र्यांचा डॉक्टर, सरड्याचा अनुभव नाही. भाच्यानं काचेच्या पेटीत ठेवला होता, खिडकीत, साधा पिवळा बल्ब लावून. खायला माशांच्या दुकानात मिळणारे मीलवर्म. कॅल्शियम पावडरचा डबा सोबत आलाय, पण त्याचं सील तसंच आहे!

आता विचारायचं हे की वाकलेली हाडं परत सरळ होतात का? आणि आपल्याकडं एवढं ऊन पडतंय, तर तो महागडा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा खरंच लागतो का? मुंबई-पुण्याला न्यावं तर बाहेर ४२ डिग्री, रस्त्यातच जायचा.

कापूसकोंड्या (परभणी)
सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं ऐकून होतो, हा तर थेट नांदेडला आला.

बाकी रंग बदलणाऱ्यांची हाडं मऊ होतात हे वाचून जरा बरं वाटलं. आमच्या वॉर्डातल्या दोघा-तिघांचा एक्स-रे काढायला पाहिजे.

मांजरा (लातूर)
राग मानू नका ताई, पण आमच्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि लोक येमेनचे सरडे पाळायलेत. कामून हे नसते उद्योग? ज्याचं रान जिथं आहे तिथं त्याला राहू द्यावं.

सरडेसाहेब (मूळ बीड, सध्या पुणे)
मांजरा, पटतंय, पण आता आलाय तो ताईंच्या घरी. येमेनला सोडून येणार का कोणी?

ताई, आधी ती काचेची पेटी खिडकीतून हलवा, हे वाचून झालं की लगेच. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण यूव्हीबी जवळपास सगळा काचेतच अडतो. म्हणजे बिचारा दिवसभर उन्हात बसल्यासारखा दिसतो आणि मिळत काहीच नाही. वर बंद पेटी उन्हात तापली की आतल्या जनावराचं भरीत. यांना चारी बाजूंनी जाळी असलेला पिंजरा लागतो, हवा खेळती पाहिजे.

बाहेरचं ऊन खरंच सगळ्यात चांगलं, दिव्यापेक्षाही. पण आपल्याकडचं एप्रिलचं दुपारचं ऊन नव्हे, ते त्याला मारून टाकेल. सकाळी आठच्या आसपास, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात पानांची दाट सावली, पंधरा-वीस मिनिटं, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. तोंड उघडून बसला, अंग फिकं पडलं की लगेच आत. येमेनचा म्हणजे वाळवंटातला, त्याला ऊन सोसतं असा लोकांचा समज असतो. हे प्राणी तिथल्या हिरव्या डोंगरउतारांवर आणि ओढ्याकाठच्या झाडांवर राहतात. बसायच्या जागी २९-३० डिग्री पुरे, रात्री त्यापेक्षा गार.

दिवा तरीही घ्या. ढग आले, लग्नाला गावाला गेलात, पाऊस लागला की ऊन बंद. लांब ट्यूबचा घ्या, टी-५ म्हणजे बारीक नळीचा, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीवाला. छोटा गुंडाळीचा बल्ब येतो त्याचा टप्पा फार कमी, प्राणी जरा बाजूला बसला की काहीच पोचत नाही. आणि एक लक्षात ठेवा, ट्यूब उजेड देत राहते पण यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो, म्हणून वर्षभरात बदलायची, पेटत असली तरी.

लातूरकर काकू
अगं बाई, हा तर मुडदूस! आमच्या वेळी असं झालेल्या लेकराला तेल चोळून सकाळच्या कोवळ्या उन्हात निजवायचे. आणि पानाला लावतात तो चुना गव्हाच्या दाण्याएवढा दह्यातून द्यायचे. याला पाण्यातून थोडा देऊन बघ.

जनावरांचा डॉक्टर (उदगीर)
काकू, निदान अगदी बरोबर, कोवळं ऊनही बरोबर. चुना मात्र अजिबात नको. तोंड आणि अन्ननलिका भाजेल त्याची, अर्ध्या वीतभर अंगाचा जीव तो.

मी मोठ्या जनावरांचाच आहे, पण कॉलेजात असताना अशा केसेस पाहिल्यात म्हणून लिहितो. शेतकऱ्यांना लवकर कळेल असं सांगायचं तर गाय व्यायली की कधी कधी बसते, उठतच नाही, मग आपण शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतो आणि बघता बघता गाय उभी राहते. तिथं रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली गेलेलं असतं. इथं ते महिनोन्‌महिने हळूहळू कमी पडत गेलंय. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात आणि ते हार्मोन हाडांतून कॅल्शियम उपसून रक्तात आणतं. हृदय चालू ठेवायचं तर रक्तातली पातळी टिकवावीच लागते, त्याची किंमत हाडं मोजतात. आधी जबडा आणि पाय, मग पाठीचा कणा. जिभेचंही तेच. शॅमेलिऑनची जीभ तोंडातल्या एका निमुळत्या हाडावरून सुटते, आणि स्नायू आवळायलाही कॅल्शियमच लागतं, म्हणून ताईंना ती लोंबकळताना दिसतीय.

उपसा का झाला? एक म्हणजे खाणं. किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच, मीलवर्ममध्ये तर फारच वाईट. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोनपट पाहिजे, इथं सगळं उलटं. दुसरं, यूव्हीबी नाही म्हणजे कातडीत व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, मग जे थोडं कॅल्शियम पोटात जातं तेही आतड्यातून शोषलं जात नाही. तिसरं लोक विसरतात, ऊब. अंग पुरेसं तापलं नाही तर पचनच होत नाही. नुसती पावडर चोपडून म्हणून भागत नाही, या तीनही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात.

हाडं सरळ होतात का, तर नाही. वाकलेली तशीच राहतील, पण घट्ट होतील. जबडा कडक होऊ शकतो. जिभेचं सांगता येत नाही, कुणाची परत सुटायला लागते कुणाची नाही.

औषधाचा डोस मी इथं लिहिणार नाही, वजनावर ठरतो. मेडिकलमधून माणसांचं कॅल्शियम आणि डी-३ चं सिरप आणून पाजू नका. डी-३ जास्त झालं की ते कॅल्शियम किडनीत आणि रक्तवाहिन्यांत साचतं. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडहून रेल्वेनं जवळ. तिथं दाखवा, पहाटेच्या गाडीनं न्या.

खुर्पं-कोयता (केज)
डॉक्टरसाहेब, गाईला देतो ते मिनरल मिक्श्चर किंवा डीसीपी पावडर चालंल का? घरात पोतं पडलंय.

जनावरांचा डॉक्टर (उदगीर)
नाही चालणार. डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, त्यातला फॉस्फरसच तर इथं जास्त झालाय. साधं कॅल्शियम कार्बोनेट पाहिजे, फॉस्फरस नसलेलं आणि डी-३ नसलेलं, ते जवळपास प्रत्येक खाण्यावर हलकंसं भुरभुरायचं. डी-३ आणि व्हिटॅमिनवालं महिन्यातून दोनदाच.

रानभैरी (संभाजीनगर)
धाग्यावर नवीन पोरं वाचत असतील म्हणून सांगतो, आपल्या रानात बाभळी-बोरीवर जो शॅमेलिऑन दिसतो तो पकडून पाळायचा नाही. तो भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. आमच्याकडं अजून लोक विषारी म्हणून दगडानं ठेचतात. विष नाही, काही नाही. कुठं जखमी दिसला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

आणि ताई, तुमचा परदेशी आहे तरी कागद लागतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, मालक बदलला की तेही कळवावं लागतं. भाच्याला विचारा नोंदणी केली होती का.

मांजरा (लातूर)
बघा, सरड्याचासुद्धा सातबारा निघाला.

कापूसकोंड्या (परभणी)
फेरफार कधी होईल ते तलाठीच जाणे.

तुतीवाला (जालना)
मीलवर्म बंद करा हो. आमच्या रेशीम अळ्या काय वाईट हायत? मऊ, रसरशीत, वरचं कवच नाही. पुण्याचे पाळणारे लोक आमच्याकडून नेतात. अळी हळू चालती, त्यामुळं जीभ न सुटणाऱ्या जनावराला पण तोंडानं उचलता येती.

फक्त एक ध्यानात घ्या. अळ्या कात टाकायला बसल्या की आम्ही त्यांच्यावर चुना आन् कात टाकून झाली की विजेता पावडर धुरळतो, रोग पडू नये म्हणून. तसल्या अळ्या न्यायच्या नाहीत. चॉकीतून (बारक्या अळ्या वाढवतात तिथून) निघालेल्या लहानच न्या आणि घरी बुटाच्या खोक्यात पेपर टाकून तुतीच्या पाल्यावर वाढवा. पाला ओला द्यायचा नाही, पुसून द्यायचा. पिवळी पडलेली, फुगलेली अळी दिसली की फेकायची. आत्ता उन्हाळ्यात बरेच जण बॅच घेत नाहीत, पण ज्याच्या शेडला फॉगर आन् कूलर हाय त्याच्याकडं मिळंल.

सरडेसाहेब (मूळ बीड, सध्या पुणे)
+१. सोबत झुरळं किंवा रातकिडे ठेवले तर काळूला देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना शेवग्याचा पाला खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असतं तेच काळूच्या पोटात जाणार. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. आणि शेतातले नाकतोडे कितीही मोह झाला तरी आणू नका, कापूस-सोयाबीनवर काय काय फवारतात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

खुर्पं-कोयता (केज)
फवारणीचं बोलू नका, दुकानदार जी बाटली हातात देतो ती मारतो आम्ही. परवा मिरचीवर तीन औषधं एकत्र करून दिली गड्यानं.

लातूरकर काकू
मिरचीवरून आठवलं, यंदा लाल मिरचीचा भाव काय चालू आहे कुणाला माहीत आहे का? तिखट करायचं राहिलंय.

कापूसकोंड्या (परभणी)
काकू, धागा सरड्याचा आहे. (मोंढ्यात चौकशी करून व्यनि, म्हणजे खाजगी निरोप करतो.)

गोदाकाठची (नांदेड)
सगळ्यांचे मनापासून आभार. काचेची पेटी माळ्यावर गेली. चौकातल्या सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली, तिला बारीक तारेची जाळी ठोकली, आत जास्वंदीची कुंडी ठेवलीय. पाण्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, बाटली वर टांगली आणि चक्की फिरवून थेंब-थेंब पानावर सोडते. वाटीतल्या पाण्याकडं ढुंकूनही बघत नव्हता, पानावरचा थेंब मात्र चाटतो. मांजरा, दिवसभरात तांब्याभर पाणीसुद्धा लागत नाही, आणि जे खाली पडतं ते तुळशीला.

परभणीला जाऊन आलो. टोपलीत ओला टॉवेल अंथरून नेला, पहाटेच्या गाडीनं. एक्स-रेमध्ये हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी दिसत होती, आणि एका बरगडीला जुनं फ्रॅक्चर जुळलेलं. तोंडातून द्यायचं कॅल्शियम दिलंय, मोजून, सिरिंजनं. डॉक्टर म्हणाले फांदीवरून ओढून काढू नका, बोटं मोडतील, हात पुढं करा आणि त्याला स्वतः चढू द्या. आणि फांद्या खाली आणायला सांगितल्या, पडला तरी लागू नये म्हणून, तळाला जुनी चादर.

दुपारी कूलरचा वारा थेट लागू देत नाही, पण खोली गार राहते. लाईट गेली की माझाच जीव वर-खाली होतो.

धोंडे मास्तर (हिंगोली)
मी स्पष्टच बोलतो. एवढे हाल होत असतील तर डॉक्टरला सांगून शांतपणे झोपवलेलं बरं नाही का? आपल्या हौसेपायी मुक्या जिवाला ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

जनावरांचा डॉक्टर (उदगीर)
मास्तर, प्रश्न चुकीचा नाही. कणा मोडून मागचं अंग लुळं पडलं असतं, खाणं पूर्ण सुटलं असतं, झटके थांबत नसते तर मीही तेच म्हणालो असतो. हा फांदी धरतोय, समोर धरलं तर खातोय, पाणी पितोय. असे प्राणी वाकड्या पायांनी पुढं बरीच वर्षं जगलेले आहेत. थोडे दिवस देऊन बघू.

सरडेसाहेब (मूळ बीड, सध्या पुणे)
ताई, काळूच्या मागच्या पायाचा जवळून फोटो टाका ना. टाचेच्या मागं बघायचंय.

गोदाकाठची (नांदेड)
टाकला. काय दिसतंय?

सरडेसाहेब (मूळ बीड, सध्या पुणे)
दिसतंय म्हणण्यापेक्षा, काय नाही ते महत्त्वाचं. व्हेल्डच्या नराला टाचेवर मांसल काट्यासारखा उंचवटा असतो, अंड्यातून बाहेर पडतो तेव्हापासून. तुमच्याकडं तो नाही. काळू मादी आहे. अभिनंदन.

आता जरा गंभीर. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी घालते, आणि एका वेळी भरपूर घालते. प्रत्येक अंड्याचं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं. पोट फुगलंय का? सारखी खाली उतरून कोपरे उकरते का? हिरव्यावर निळे-पिवळे ठिपके गडद झालेत का?

गोदाकाठची (नांदेड)
अय्या! पोट तर आहेच, मला वाटलं रेशीम अळ्या मानवल्या. आणि हो, दोन दिवस झाले सारखी खाली चादरीवर उतरते, मी उचलून वर ठेवते.

जनावरांचा डॉक्टर (उदगीर)
वर ठेवू नका आता. तिला उकरायला जागा द्या, ताबडतोब. हाडं मऊ, स्नायू कमजोर, त्यात अंडी अडकली तर अवघड होईल. कमीत कमी फूटभर खोल बादली किंवा टब, त्यात ओलसर वाळू. मुठीत दाबली तर गोळा झाला पाहिजे पण पाणी गळता कामा नये, म्हणजे तिनं खणलेलं बीळ ढासळत नाही. तीन बाजूंनी कपडा लावा, खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर अर्धवट सोडते.

कापूसकोंड्या (परभणी)
नांदेडला राहून वाळू कुठून आणू असं विचारू नका ताई. गोदावरीतून रात्री किती हायवा निघतात ते सगळा जिल्हा बघतो. तुम्ही बादलीभर आणायला गेलात तर मात्र पावती मागतील.

मांजरा (लातूर)
बांधकामाची वाळू आणली तर चाळून, धुऊन घ्या, खडे टोचतील तिला. (हो, मी अजून वाचतोय.)

गोदाकाठची (नांदेड)
बरेच दिवस इकडं आले नाही, आता आषाढ लागला. काळूनं, म्हणजे काळीनं, तेव्हा दुसऱ्याच रात्री बादलीत बीळ केलं आणि अंडी घातली. सगळी एकदम नाही, सकाळपर्यंत चालू होतं. काही पिवळट आणि मऊ होती. वर आली तेव्हा अंगाची पिशवी झालेली, डोळे खोल गेलेले. पाणी प्यायली ती थांबेचना. परभणीला परत दाखवलं, पोटात काही राहिलेलं नाही.

आता जबडा दाबला तर दबत नाही. पाय वाकडेच आहेत, डॉक्टरसाहेब म्हणाले होते तसे. जीभ बोटभर अंतरावर सुटते, त्यापुढं नाही, म्हणून अळी वाटीत ठेवते. धोंडे मास्तर, तुमचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं, उलट त्यामुळं डॉक्टरांना नीट विचारता आलं.

आता अडचण अशी की आठवडा झाला सूर्य दिसला नाही. ट्यूब रोज किती तास ठेवू? आणि परत अंडी धरेल का?

सरडेसाहेब (मूळ बीड, सध्या पुणे)
ट्यूब बारा तास, टायमर लावून टाका. जाळीच्या वर ठेवली असेल तर जाळीतही बराच यूव्हीबी अडतो, तो हिशेब धरून वरची फांदी थोडी जवळ आणा. पण ती हात लांब करून ट्यूबला टेकेल इतकी नको.

अंडी परत धरू शकते. दोन गोष्टी करा. मोठी झालेल्या मादीला रोज पोटभर खाऊ घालायचं नाही, एक दिवसाआड मोजकं द्यायचं. आणि बसायची जागा २८-२९ च्या वर जाऊ द्यायची नाही. जास्त खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंड्यांची संख्या वाढते. वाळूची बादली आत कायमची राहू द्या.

धोंडे मास्तर (हिंगोली)
ताई, मी तसा फणसासारखा. आनंद वाटला.

तुतीवाला (जालना)
एक दिवसाआड म्हणल्यावर आमचं गिऱ्हाईक निम्मं झालं म्हणायचं. ते जाऊ द्या. आमची नवीन बॅच चॉकीतून येऊ लागलीय, पुढच्या हप्त्यात पाहुणा नांदेडला येणार हाय, त्याच्याजवळ खोका देतो. पावसाळी हवेत पाल्यावर पाणी राहिलं की अळ्या जुलाब लागून मरतात, म्हणून पाला आधी पंख्याखाली पसरवा. तुतीची दोन कलमं पण पाठवू का? कुंडीत येती, पाल्याला इकडं तिकडं फिरायला नको.

गोदाकाठची (नांदेड)
पाठवा पाठवा. आणि पैसे कुठं टाकायचे ते व्यनि करा, मागच्या वेळचेही राहिलेत.